श्वास पेशीत पुरा होतो

लातूर किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गात बसलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, पेशीचे ऊर्जाघर कोणते? क्षणाचाही विलंब न लावता उत्तर येते: मायटोकॉन्ड्रिया. मराठी माध्यमाच्या पुस्तकात तिलाच तंतुकणिका म्हटले आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून घडलेल्या 'लातूर पॅटर्न' या अभ्यासपद्धतीचे बोट धरून या भागातली कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणाकडे वळली. त्यांच्या वहीत हे उत्तर एका गुणापुरते असते. पुढे त्यांतली काही जण नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दाखल होतात आणि एक दिवस अतिदक्षता विभागात उभी राहतात. समोरच्या खाटेवर धाप लागलेल्या माणसाचे जगणे-मरणे त्या एका गुणाच्या उत्तराशी किती घट्ट बांधलेले आहे, हे त्यांना तिथे उमगते.

कोविडच्या लाटेतला २०२१ चा मार्च-एप्रिल मराठवाडा विसरलेला नाही. नांदेड जिल्ह्यात २५ मार्च ते ४ एप्रिल टाळेबंदी होती. घरोघरी ऑक्सिमीटर आले होते आणि फोन उचलला की पहिला प्रश्न असे, 'सॅच्युरेशन किती आहे?' बेडसाठी, सिलिंडरसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर घेऊन निघालेली देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस २३ एप्रिलला नागपुरात आणि दुसऱ्या दिवशी नाशकात पोचली. ऑक्सिजन मिळणे ही त्या दिवसांत खरोखरच जीवनमरणाची गोष्ट होती. तरीही ज्यांना तो मिळाला, त्यांच्यातलेही अनेक जण हातचे गेले. आधी मास्क लागला, मग हाय फ्लो, मग व्हेंटिलेटर. ऑक्सिजन वाढत गेला आणि माणूस खचत गेला.

असे का होते? नाकातून हवा आत जाते ही श्वासाची फक्त सुरुवात आहे. श्वास पुरा होतो तो पेशीत, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर. आणि फुप्फुस अवयव म्हणून काम करते, तेही त्याच्या स्वतःच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बळावर. त्या थकल्या, की बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तात शिरण्याची वाटच बंद होत जाते. तीव्र फुप्फुस-इजा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर सिलिंडरवरची नजर काढून पेशीकडे वळवावी लागते.

हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांचे आतले अस्तर उलगडून पसरले, तर त्याचे क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्याही पुढे जाते. या अस्तराच्या अलीकडे हवा, पलीकडे रक्त. मधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. ऑक्सिजन तो सहज ओलांडतो, पण रक्तातले पाणी आणि प्रथिने मात्र अलीकडे यायला नकोत.

हा पडदा दोन प्रकारच्या पेशींनी सांभाळलेला असतो. पहिल्या प्रकारच्या पेशी अत्यंत पातळ आणि पसरट. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या, चौकोनी. जागा थोडी व्यापतात, पण कामाचा डोंगर त्यांच्यावर असतो. वायुकोश मिटून चिकटू नये म्हणून लागणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ त्या बनवतात. शेजारची पातळ पेशी मेली, तर विभाजित होऊन तिची जागा भरून काढतात. हे सगळे फुकटात होत नाही. म्हणून या पेशींत मायटोकॉन्ड्रियांची दाटी असते.

वायुकोश कोरडे ठेवण्याचे काम तर चोवीस तास चालू असते. पेशीच्या हवेकडच्या बाजूने सोडियम आत शिरतो. रक्ताकडच्या बाजूला बसवलेला सोडियम-पोटॅशियम पंप तो बाहेर टाकतो: एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, आणि खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचा, एक रेणू. सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. शेतात पाणी साचले आहे, मोटारही जागेवर आहे, पण वीज नसेल तर उपसा होत नाही. वायुकोशाचे तसेच आहे, आणि इथली वीज म्हणजे एटीपी.

इजा कशी सुरू होते

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकिगत छापली. कुणाला अपघात झाला होता, कुणाला न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. कारणे वेगवेगळी, पण शेवटचे चित्र एकच: प्रचंड धाप, क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे पांढरी, आणि ऑक्सिजन देऊनही न हटणारा निळेपणा. आज याला एआरडीएस म्हणतात. २०१२ मध्ये बर्लिन व्याख्या ठरली. तिच्यानुसार मूळ आजारानंतर आठवड्याच्या आत, दोन्ही बाजूंना, आणि हृदय कमजोर पडल्यामुळे न झालेली अशी ही अवस्था असते. न्यूमोनिया आणि सेप्सिस, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला अनावर प्रतिसाद, ही तिची सर्वांत मोठी कारणे. पोटातले अन्न फुप्फुसात जाणे, गंभीर जखमा, भाजणे, विषबाधा हीही कारणे आहेतच.

आता एका मायटोकॉन्ड्रियाच्या आत जाऊ. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तिच्या आतल्या पटलावरच्या चार प्रथिनसंचांतून एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. त्या प्रवासात पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि त्या दाबावर एटीपी बनतो. याच उलगड्यासाठी पीटर मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळाले. प्रवासाच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारतो तो ऑक्सिजन, आणि त्याचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो या शेवटच्या पायरीसाठी.

निरोगी पेशीतही थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि ऑक्सिजनला भलत्या ठिकाणी गाठून सुपरऑक्साइड हे जहाल मूलक तयार करतात. पेशीकडे त्याचा निपटारा करणारी विकरे असतात, त्यामुळे निभावून जाते. संसर्गात मात्र दाह निर्माण करणारी रसायने आणि नायट्रिक ऑक्साइड या साखळीत अडथळा आणतात. इलेक्ट्रॉन तुंबतात, गळती वाढते. मूलके पटलातल्या मेदांवर आणि प्रथिनांवर तुटून पडतात. कॅल्शियम आत घुसतो, पटलाला छिद्र पडते, मायटोकॉन्ड्रिया फुगते. विद्युतदाब ओसरतो आणि एटीपी आटतो.

याचे परिणाम वायुकोशात एकामागून एक उमटतात. सरफॅक्टंट कमी पडतो, वायुकोश मिटू लागतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींचे सांधे सैल होतात, प्रथिनयुक्त पाणी आत झिरपते. आणि नेमक्या त्याच वेळी उपसाही मंदावतो. २००३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ऑक्सिजन कमी पडल्यावर वायुकोशाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून निघालेली मूलके एक संदेश देतात आणि त्या संदेशावर सोडियम पंप पटलावरून काढून पेशीच्या आत ओढून घेतले जातात. म्हणजे पाणी वाढत असताना पंपांची संख्याच घटते. ज्या रुग्णांचे वायुकोश पाणी उपसण्याची क्षमता टिकवतात, त्यांच्या जगण्याची शक्यता अधिक असते, हेही रुग्णालयांतल्या अभ्यासांतून दिसलेले आहे.

फुप्फुसाच्या पलीकडेही हेच घडते. २००२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सेप्सिसच्या २८ अत्यवस्थ रुग्णांच्या स्नायूंचे नमुने तपासले. जे पुढे दगावले, त्यांच्या स्नायूंत एटीपी घटलेला आढळला. ऑक्सिजन दाराशी आलेला, पण पेशी तो वापरू शकत नाही, अशी ती अवस्था.

कोविडचा विषाणूही याच जागी घाव घालतो. मायटोकॉन्ड्रियाचे अभ्यासक डग्लस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये रुग्णांच्या नाका-घशातले नमुने आणि मृतांच्या अवयवांचे नमुने तपासले. विषाणू मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित जनुकांचे काम दाबून टाकतो, असे त्यांना दिसले. मृत्यूच्या वेळेपर्यंत फुप्फुसांत हे काम बरेचसे सावरलेले होते. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांत मात्र ते दबलेलेच होते.

जखम पायाला, सूज फुप्फुसाला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. अशा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या माणसाबाबत डॉक्टरांना एक वेगळीच धास्ती असते. छातीला धक्का नाही, फुप्फुस धड आहे, चिरडला आहे तो पाय. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागते. जंतू नसताना फुप्फुस का सुजते?

याचे उत्तर मायटोकॉन्ड्रियाच्या जन्मकथेत आहे. तिचे पूर्वज स्वतंत्र जगणारे जीवाणू होते; अब्जावधी वर्षांपूर्वी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच नांदले. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही मांडणी जोरकसपणे केली. त्या भूतकाळाची खूण म्हणून मायटोकॉन्ड्रियाकडे आजही स्वतःचा गोल डीएनए आहे: १६,५६९ अक्षरे, ३७ जनुके, आणि वारसा फक्त आईकडून. या डीएनएची ठेवण जीवाणूंसारखी आहे. मायटोकॉन्ड्रिया पेशीच्या आत असते तोवर शरीराच्या संरक्षक पेशींशी त्याची गाठ पडत नाही. पण स्नायू चिरडला, पेशी फुटल्या, आणि हा डीएनए रक्तात आला, की संरक्षक पेशी त्याला जंतू समजून चवताळतात.

बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये हे सिद्ध केले. गंभीर जखमी रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अफाट वाढलेला होता, आणि मायटोकॉन्ड्रियाचे फुटके तुकडे उंदरांच्या रक्तात सोडले तेव्हा संसर्गाशिवायच त्यांची फुप्फुसे सुजली. शरीरातले सगळे रक्त फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून जाते, म्हणून पहिला तडाखा तिथेच बसतो. २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: अतिदक्षता विभागातल्या ज्या रुग्णांच्या रक्तात हा डीएनए जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड हा इजेचा परिणाम आहेच, शिवाय तो पुढच्या इजेचे कारणही बनतो.

तणनाशक आणि फुप्फुस

शेतीच्या प्रदेशात या विषयाचा आणखी एक चेहरा आहे. बांधावरचे किंवा पेरणीआधीचे तण जाळण्यासाठी पॅराक्वाट नावाचे तणनाशक विकले जाते. ते पोटात गेले, तर त्याला उतारा नाही.

या विषाचे वागणे विलक्षण आहे. वायुकोशाच्या पेशी काही आवश्यक रेणू आत ओढून घेण्यासाठी एक वाहक प्रथिन वापरतात. पॅराक्वाटचा रेणू त्या रेणूंशी मिळताजुळता असल्यामुळे पेशी त्यालाही आत घेतात, आणि रक्तातले विष कमी झाले तरी फुप्फुसात ते साचत राहते. आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियाच्या साखळीतून आणि इतर विकरांकडून इलेक्ट्रॉन हिसकावते, ऑक्सिजनला देते, सुपरऑक्साइड बनवते आणि पुन्हा मूळ रूपात येऊन तेच सुरू करते. एकेक रेणू असंख्य वेळा हा फेरा करतो. इथे ऑक्सिजन हे त्या विषाचे खाद्य ठरते. म्हणूनच पॅराक्वाटच्या रुग्णाला डॉक्टर सुरुवातीला ऑक्सिजन लावायचे टाळतात आणि सॅच्युरेशन फारच उतरले तरच देतात. नातेवाइकांना हे पटणे कठीण जाते. कारण समजावून सांगितले, तर डॉक्टरांवरचा विश्वास टिकतो.

युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटला परवानगी नाही. श्रीलंका आणि दक्षिण कोरिया यांनीही पुढे ते बंद केले, आणि दोन्ही देशांत कीटकनाशकांमुळे होणारे मृत्यू घटले. ज्या विषाला उतारा नाही, ते गावच्या दुकानात सहज मिळू नये, हे म्हणायला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. तोवर निदान इतके तरी पाळायला हवे: तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये, घरात कुलपाबाहेर ठेवू नये, आणि कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता बाटलीसकट थेट मोठे रुग्णालय गाठावे. पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, आणि तिथेच घरचे फसतात. घरातले कुणी निराशेने खचलेले असेल, तर त्याच्याशी बोलणे आणि फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत हे पाहणे, या दोन्ही गोष्टींनी जीव वाचतात.

किती ऑक्सिजन पुरे?

पॅराक्वाट हे टोकाचे उदाहरण. पण नुसता ऑक्सिजनही गरजेपेक्षा जास्त झाला की फुप्फुसाला भाजतो. जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवले होते. पूर्ण शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलेले प्रयोगशाळेतले उंदीर साधारण तीन दिवसांत मरतात. कारण तेच: ऑक्सिजन जितका अधिक, तितकी मायटोकॉन्ड्रियातून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांना मूलके बनवण्याची संधी अधिक.

म्हणून भारत सरकारच्या कोविड मार्गदर्शक सूचनांत सॅच्युरेशनचे लक्ष्य ९२ ते ९६ टक्के ठेवले होते. ज्यांना आधीपासून सीओपीडी हा श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट आजार आहे, त्यांच्यासाठी ८८ ते ९२. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना सीओपीडी असतो. रुग्णाचा आकडा ९४ असताना 'शंभर का नाही' म्हणून ऑक्सिजन वाढवायचा आग्रह धरू नये, ते यासाठी. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते.

पेशीला उसंत देणारे उपचार

बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाला थेट दुरुस्त करणारे, एआरडीएसमध्ये सिद्ध झालेले औषध आज नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण 'पेशींची ऊर्जा वाढवणाऱ्या' गोळ्या आणि पावडरी बाजारात भरपूर आहेत. अत्यवस्थ रुग्णांना अँटिऑक्सिडंट आणि ग्लुटामिन देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला: अँटिऑक्सिडंटचा उपयोग झाला नाही, आणि ग्लुटामिन घेतलेल्यांत मृत्यू वाढले.

जे उपयोगी पडते, ते साधे आणि कष्टाचे आहे. व्हेंटिलेटरने फुप्फुस जास्त ताणले, तर ताणलेल्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रिया आणखी मूलके सोडतात. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दर श्वासाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत गंभीर रुग्णांना रोज सलग किमान १६ तास पालथे झोपवले गेले आणि २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर उतरले.

बेशुद्ध रुग्णाला पालथे करणे हे सोपे काम नाही. एक जण डोक्याशी उभा राहून घशातली नळी धरून ठेवतो. दोघे-तिघे दोन्ही बाजूंना चादर गुंडाळून घट्ट पकडतात. सलाइनच्या आणि लघवीच्या नळ्या मोकळ्या केल्या जातात. तोंडाने मोजून सगळे एका दमात त्याला आधी कुशीवर, मग पोटावर वळवतात. छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशा, मधून मधून मान दुसऱ्या बाजूला. यात यंत्र नाही, माणसांचे हात आहेत. पाठीकडचे मिटलेले वायुकोश त्यामुळे उघडतात, ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि कमी ऑक्सिजनवर भागते. बरोबरीने मूळ कारणावर उपचार: न्यूमोनियाला वेळेवर प्रतिजैविक, आणि कोविडमध्ये डेक्सामेथासोन, ज्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले.

पुढची आशा संशोधनात आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. जहर भट्टाचार्य यांच्या गटाने २०१२ मध्ये एक थक्क करणारी गोष्ट पाहिली. उंदरांच्या दुखावलेल्या फुप्फुसात सोडलेल्या मूळपेशींनी वायुकोशाच्या पेशींना आपल्या मायटोकॉन्ड्रिया दिल्या. त्या पेशींचा एटीपी वाढला, सरफॅक्टंट पुन्हा स्रवू लागला. २०१४ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत डॉ. अनुराग अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी ही देवाणघेवाण कोणत्या प्रथिनाच्या मदतीने होते हे शोधले. त्याचे नाव मायरो-१. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मूळपेशी सुरक्षित ठरल्या, पण मृत्यू कमी झाल्याचे त्यांतून दिसले नाही. उपचार म्हणून त्या विकणाऱ्यांपासून आज दूरच राहावे.

बरे होणे म्हणजे काय

पेशीकडे दुरुस्तीची स्वतःची व्यवस्था असते. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांवर खूण केली जाते, पेशी त्या गिळून पचवते आणि चांगल्यांपासून नव्या तयार करते. पेशीच्या या आत्मभक्षणाचे गूढ उकलल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. वय वाढते तशी ही सफाई मंदावते; वृद्धांना फुप्फुस-इजा अधिक जड जाते, त्यामागचे हे एक कारण आहे.

आणि या दुरुस्तीला वेळ लागतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. वर्षअखेर त्यांची फुप्फुसे जवळपास पूर्ववत झाली होती, तरी सहा मिनिटांत ते अपेक्षेच्या दोन तृतीयांशच अंतर चालू शकत होते. अशक्तपणा उरला होता तो स्नायूंत.

मराठवाड्यात २०२१ मध्ये हजारो माणसे अशा आजारातून उठून घरी परतली. सॅच्युरेशन ९८ दिसत असताना त्यांना जिना चढवत नव्हता, निंदणी-कापणी झेपत नव्हती, आणि घरच्यांना, कधी कधी त्यांना स्वतःलाही, हा आळस वाटत होता. तो आळस नव्हता. हाडामांसाच्या पेशी आपली ऊर्जा पुन्हा उभी करत होत्या. अतिदक्षता विभागातून परतलेल्या माणसाला पुरेशी डाळ, दूध, अंडी द्यावीत, रोज थोडे थोडे वाढवत चालवावे, श्वासाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून करावेत, आणि कामावर परतण्याची घाई त्याच्यावर लादू नये. रुग्णालयाचे बिल चुकते होते, त्या दिवशी उपचार संपत नाहीत. त्यानंतरचे कित्येक महिने घरच्यांच्या हातात असतात.